जाताना नवी बोट, येताना जुनी

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे बोटींबद्दल सगळ्यांची मतं ठाम होती. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या दोन बोटी होत्या, एक नवी आणि एक जुनी. एका दिवशी एक सुटायची, दुसऱ्या दिवशी दुसरी. ही बातमी मी हिंगोलीहून आणली आणि बाजारच्या दिवशी स्टँडसमोरच्या हॉटेलात सहज बोलून गेलो. घ्या! चहा संपायच्या आत हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या. नवीवाले म्हणायचे, नवी ती नवी, तिचे पत्रे तरी वाजणार नाहीत. जुनीवाले म्हणायचे, नवीचा काय भरवसा, जुनी इतक्या वेळा जाऊन आली, तिला रस्ता पाठ असेल. एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बोट पंक्चर झाली तर स्टेपनी असते का. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माहीत नाही असं म्हणायची आम्हाला सवय नसते. मी म्हणालो, असते.

मला स्वतःला बोटीत काही रस नव्हता. हे सगळं चाललं होतं माझ्या थोरल्या बहिणीसाठी. तिला मी अक्का म्हणतो. अक्काचा नवरा दुष्काळाच्या साली खडी फोडायच्या कामावर जातो म्हणून निघाला, तो गेलाच. आधी कळलं औरंगाबादेत आहे, मग कळलं मुंबईत आहे. मग गावातला एक माणूस मुंबईहून आला आणि दारात उभं राहून निरोप देऊन गेला, "गोव्याच्या बोटीवर काम करून राहिला तो. बरा हाय." बरा आहे म्हटल्यावर अक्का जी भडकली, की विचारू नका. तो मेला असता तर ती रडली असती, जेलात असता तर भेटायला गेली असती. पण बरा आहे आणि येत नाही, अशा माणसाचं काय करायचं ते तिला कळेना. तेव्हापासून ती माझ्याकडंच राहायची, शेतावर कामाला जायची आणि कुणी त्याचं नाव काढलं की भांडी आपटायची.

त्यात सेनगावचा कंपाउंडर आला. सरकारी दवाखान्यातला, आमच्याच समाजातला, बायको वारलेली, लेकरू नाही. दर रविवारी सायकलवर यायचा, ओट्यावर बसायचा, चहा प्यायचा आणि "येतो मंग" म्हणून निघून जायचा. बरेच रविवार मला वाटत होतं की हा माझ्याशी गप्पा मारायला येतो. गप्पा कधी झाल्या नाहीत ही गोष्ट वेगळी. शेवटी माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला आणि मला समजावून सांगितलं, की चहा अक्का करते म्हणून तो येतो.

खरं तर अडचण काहीच नव्हती. धम्म घेतल्यावर आम्ही जुन्या रीती सोडल्या. देव सोडले, नवस सोडले, अंगात येणं सोडलं. काडीमोड मात्र सोडली नव्हती, सोयीची होती म्हणून. वस्तीतल्या चार जाणत्या माणसांसमोर बसायचं, गवताची एक काडी मोडायची, की नवराबायको एकमेकांपासून सुटले. नवरा परागंदा असला तर त्याच्यामागंही मोडता यायची. जाणती माणसं मी केव्हाच तयार करून ठेवली होती. त्यांना तर घाई झाली होती, कारण नंतर जेवण असतं. अक्काच तयार होईना.

"ज्याच्यासंगं लगीन लावलं, त्याला इचारल्याबिगर मी न्हाई मोडणार," ती म्हणायची. "एकदा समोर येऊ दे. काहून गेला, एवढंच इचारते. मंग मोडायची का ठेवायची ते बघते."

"अगं पण तो येतच नाही."

"तो न्हाई येत तं मी जाते. बोट काय त्याच्या बापाची हाय?"

तो कोणत्या बोटीवर आहे, हे निरोप आणणाऱ्यानं विचारलं नव्हतं. आमच्याकडं बोट म्हणजे बोट. म्हणून असं ठरलं, की जाताना एका बोटीनं जायचं आणि येताना दुसरीनं. अक्कानं आपल्या शेळ्या विकल्या, मला खिशात हात घालू दिला नाही. मी नाताळच्या सुट्टीचा अर्ज टाकला. हेडमास्तरांनी विचारलं, काय काम आहे? मी म्हणालो, बहिणीच्या नवऱ्याला एक प्रश्न विचारायचा आहे. त्यांनी सही केली. प्रश्न कोणता, ते अख्ख्या गावाला माहीत होतं.

हिंगोलीच्या तहसिलीत रत्नागिरीकडचा एक कारकून होता. बदली होऊन आमच्याकडं आला होता आणि आल्या दिवसापासून परत बदली मागत होता. मी मुद्दाम त्याला गाठलं. बोटीचं नाव काढताच त्यानं फाईल मिटली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, नवीच्या डेकवर पंखे होते आणि संडास धुतलेले असायचे, पण ती हलायची फार. जुनी जड, बसल्या जागी झोप लागेल अशी, फक्त तिचा धूर अंगावर यायचा. जेवण जुनीवरचं घ्यावं, गरम भात आणि मासळी. नवीवर वडे मिळायचे आणि तेही थंड. मग त्यानं मला बोटीचा सगळा फायदा कसा घ्यायचा ते शिकवलं. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंब भरायचंही नाही. लिंबू जवळ ठेवायचं. बंदर आलं की उठून बघायचं, झोपून राहायचं नाही. "आणि जागा धरायची ती मधोमध," तो म्हणाला, "पुढं नको आणि मागंही नको."

बाकी सगळं मी ऐकलं, जागेचं मात्र ऐकलं नाही. अहो, हा माणूस आमच्या एसटीत नेमका मागच्या बाकावर बसून छताला डोकं आपटून घ्यायचा, जागेबद्दल याच्याकडून काय शिकायचं! गोरेगाव, सेनगाव, हिंगोली हा रस्ता मी तळहातासारखा ओळखतो. मागं बसलात तर मणके मोजून घ्यावे लागतात, आणि चाकावर बसलात तर पाय आखडतात. ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाक धरलं की माणूस डुलक्या घेत हिंगोलीला पोचतो. जी गोष्ट एसटीला लागू, ती बोटीला का लागू नसावी, हे मला आजही कुणी नीट सांगितलेलं नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी कंपाउंडर आला. चहा प्याला. मग खिशातून गोळ्यांची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. "उलटीच्या हायेत," म्हणाला. मी म्हणालो, मला एसटीत आजवर साधं मळमळलेलंही नाही. त्यानं मान डोलावली. उठला, सायकलीपर्यंत गेला, आणि परत आला. त्याच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. "त्या न्हाई म्हणल्या तरी चालंल, गुरुजी. फकस्त मला कळवा. रविवारी यायचं का न्हाई, तेवढं समजलं म्हणजे झालं." आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मला त्या माणसाची इतकी दया आली, की मी पुडी घेतली. घेतली आणि फडताळात ठेवून विसरून गेलो.

हिंगोलीहून रेल्वे, पूर्णेला बदली, मनमाडला बदली, असं करत आम्ही मुंबईत भाऊच्या धक्क्यावर पोचलो. तिथं ट्रंका, वळकट्या, कोंबड्या आणि माणसं यांचा एकच ढीग झाला होता. पलीकडं बोट उभी होती. ही नवी. अक्का वर बघतच राहिली. "एवढं लोखंड पान्यावर कसं काय उभं राहून राहिलं रे मास्तर?" मी मास्तर झाल्यापासून ती मला मास्तरच म्हणते, आणि त्यात मान किती असतो ते तिचं तिला ठाऊक. मी पाण्यावर तरंगण्याचा धडा सुरू केला. ती तिथून निघून गेली.

आता जागेचा प्रश्न होता. आमच्याकडं एसटी थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकला, की ती जागा आपली. हा कायदा आहे, फौजदारसुद्धा तो मानतो. मी गर्दीतून पुढं घुसलो, बोटीच्या पुढच्या टोकावर नेम धरला आणि टॉवेल भिरकावला. तो बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाण्यात पडला.

"झाली जागा," अक्का म्हणाली.

आम्ही वर चढेपर्यंत कोकणातल्या लोकांनी मधला सगळा डेक सतरंज्यांनी भरून टाकला होता. पुढचं टोक मात्र मोकळं! जन्मभर बोटीनं फिरणारी माणसं, आणि एवढी चांगली जागा सोडून चेंगरून बसली होती. मला मनातून त्यांची कीव आली. मी ऐसपैस चादर अंथरली आणि अक्काला म्हणालो, बघ, टॉवेल गेला पण जागा सापडली.

बंदर सुटेपर्यंत बोट शहाण्यासारखी चालली. मग तिचं डोकं वर जायला लागलं. वर गेलं, तिथं जरा थांबलं आणि खाली आलं. पुन्हा वर गेलं. मी वाट बघितली, की खराब रस्ता आहे, संपेल. सेनगावचा रस्ताही असाच आहे, पण तिथं खड्डा आधी दिसतो तरी. हा रस्ता संपेचना. घरची भाकरी, ठेचा, मनमाडची भजी, धक्क्यावरचा चहा, सगळं उलट्या क्रमानं बाहेर आलं. लिंबू चोखलं, तेही आलं. एक कोकणातली म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, टोकावर कशाला बसलात? पुढं काय माणसं बसतात?" मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

अक्काला काही म्हणजे काही झालं नाही. आधी तिनं आपलं काम केलं. दिसेल त्या खलाशाला अडवून विचारलं, "हिंगोलीकडचा कोणी काम करून राहिला का इथं?" एकानं विचारलं, हिंगोली कुठं आली. अक्कानं त्याला सांगितलं, नरसी नामदेवच्या जवळ. तरी त्याला कळलं नाही, याचा तिला राग आला. पण या बोटीवर तो नव्हता, हे दुपारपर्यंत पक्कं झालं. मग तिला करायला काही उरलं नाही. ती कठड्याला धरून पाण्याकडं बघत उभी राहिली.

मी गाठोड्यावर डोकं टेकून एका डोळ्यानं तिला बघत होतो. पदर डोक्यावरून कधी उडाला होता, तिला पत्ता नव्हता. बोटीचं डोकं खाली आलं, की पाणी उडून तिच्या तोंडावर यायचं आणि ती हसायची. मोठ्यानं हसायची, लेकरासारखी. बंदर आलं, की किनाऱ्यावरून होड्या यायच्या आणि बोटीला लागायच्या. माणसं ट्रंकांसकट त्यांच्यात उतरायची. एक नवरी शालू सावरत उतरली, तर अक्कानं वरून ओरडून तिला सांभाळून पाय टाकायला सांगितलं, जशी काही रोज तीच उतरवत होती. आपले थंड वडे खाल्ले, माझेही खाल्ले. दुष्काळानंतर माझी बहीण अशी हसलेली मी पाहिली नव्हती. माझा जीव जात होता, तरी मला बरं वाटलं.

उन्हं कलली तशी ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मास्तर, त्याच्या जागी मी असते ना, तं मी बी परत आले नसते."

"काय?"

"एवढं पानी टाकून गोरेगावात कापूस वेचायला कोन येईल? त्याचं बराबर हाय. भेटला म्हणजे तसंच सांगते त्याला."

मी उठून बसलो. बसवत नव्हतं तरी बसलो. "आणि तू? तू काय मग, जन्मभर वाट बघणार? तो कंपाउंडर तिकडं..."

"त्याला तकलीफ व्हईल," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला. "मला काय कळत न्हाई व्हय? चांगला माणूस हाय. पण मी मोडू कशी आता? काडी रागानं मोडता येते. माझ्याजवळ राग तं पाह्यजे."

मला इतका संताप आला, की उलटीसुद्धा थांबली. इतकी वर्षं मी हिचा राग कमी व्हावा म्हणून झटलो. आणि तो गेला तो नेमका चुकीच्या दिवशी, भर समुद्रात!

सकाळी पणजीला उतरलो. जमीन पायाखाली हलत होती. मी धक्क्याजवळच्या एका माणसाला कोल्हापूरच्या एसटीची वेळ विचारली. एसटीत मला पुढची जागा हमखास मिळाली असती. अक्का म्हणाली, "जुनी ऱ्हायली की अजून." दुसऱ्या दिवशी जुनी सुटायची होती. आम्ही धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी मी बघतो तर अक्कानं न्हाऊन वेणी घातलेली, आणि गाठोड्याच्या तळाशी ठेवलेलं नवं लुगडं नेसलेली. ते लुगडं तिनं कशासाठी आणलं होतं, ते मला आत्ता कळलं. मी गाठोडं उचललं. विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

जुन्या बोटीवर मी नाक मुठीत धरून मधोमध बसलो. एक गोष्ट खरी, बोट चांगली होती. जड, संथ. धूर अंगावर यायचा, पण पोट जागच्या जागी राहायचं. दुपारी भात आणि मासळी खाल्ली, ती राहिली. हॉटेलातल्या जुनीवाल्यांचं कारण चुकीचं होतं, मत मात्र बरोबर निघालं.

या खेपेला अक्का कुणाला विचारायला उठली नाही. हात मांडीवर घेऊन नव्या लुगड्यात बसून राहिली. तिला धीर होत नव्हता. शेवटी मीच एका पिकल्या दाढीच्या खलाशाला गाठलं आणि तिचा प्रश्न विचारला.

"हिंगोलीवाला?" तो म्हणाला. "ज्वारीची भाकरी मागत असतो, तो? आहे की. खाली इंजिनात तेलवाला आहे. बोलावू?"

क्षणभर माझ्या मनात आलं, अक्काला सांगूच नये. या बोटीवरही नव्हता म्हणावं आणि घरी न्यावं. पण शेळ्या तिच्या होत्या आणि प्रश्नही तिचा होता. मी त्याला घेऊन तिच्यापाशी आलो आणि म्हणालो, "अक्का, तो इथंच आहे. आपल्या खालीच."

ती ताडकन उठली. पदर डोक्यावर घेतला. मग तिनं त्या खलाशाला जे विचारलं, त्याची मला कल्पनाच नव्हती.

"तिथून पानी कसं दिसतं?"

"कुठून? इंजिनातून?" खलाशी हसला. "खाली कसलं पाणी, बाई. गरमी, तेल आणि आवाज. बाकी काही नाही."

"पण काम झालं म्हणजे वरी येत असंल ना."

"तो? छे! बोट बंदराला लागल्याशिवाय तो वर येत नाही. पाणी बघितलं की त्याला गरगरतं. आम्ही हसतो त्याला. इतकी वर्षं बोटीवर काढली, पण समुद्र म्हणून बघितला नाही त्यानं."

अक्कानं कठड्याकडं बघितलं. पलीकडं ऊन पडलं होतं आणि पाणी जिथवर नजर जाईल तिथवर चमकत होतं. "म्हणजे हे त्यानं पाह्यलंच न्हाई?"

"नाही."

"मंग तो हितं तरी काहून आला?"

"ते त्यालाच विचारा. जाऊ का खाली? पाच मिनिटांत आणतो." त्यानं शिडीवर एक पाय ठेवलासुद्धा.

मी अक्काकडं बघत होतो. ज्या माणसाला समोर आणायला तिनं शेळ्या विकल्या, तो एका शिडीच्या अंतरावर होता. मग तिनं मान हलवली.

"नका बोलावू. कामावर असंल." आणि मग माझ्याकडं वळून, "ज्याचं त्यालाच ठाव न्हाई, त्याला काय इचारू मी, मास्तर? हे सोडवत न्हाई म्हणून आला नसता तं मी समजले असते. ह्याच्यासाठी गेला असता तरी समजले असते. ह्यो नुसता गेला."

खलाशी शिडीवर खोळंबला होता. "मग काही निरोप तरी?"

"व्हय," अक्का म्हणाली. "म्हणावं, वरी लई चांगलं हाय. एकदा येऊन बघून घे."

"सांगतो. कोण म्हणालं म्हणून सांगू? तुम्ही कोण लागता त्याच्या?"

अक्कानं थोडा विचार केला. रागाचा मागमूस तिच्या तोंडावर नव्हता.

"आता कोणी न्हाई," ती म्हणाली.

तो खाली गेला. हेच शब्द तिच्या तोंडून यावेत म्हणून मी वर्षानुवर्षं तिच्या मागं लागलो होतो, माणसं बोलावली होती, भांडलो होतो. ते आले, आणि भर दुपारी, सगळ्या डेकसमोर, मलाच रडू फुटलं.